परळच्या प्रयोगशाळेतील परका

मुंबईकरांच्या बोलण्यात हाफकिन हे आता माणसाचे नाव राहिलेले नाही. ते परळमधील एका पत्त्याचे नाव झाले आहे. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या गजबजाटाला लागून, झाडीआड उभी असलेली ती जुनी वास्तू रोज हजारो लोक बसमधून पाहतात. सर्पदंशावरील औषधाशी आणि लसींशी तिचा काहीतरी संबंध आहे, एवढे त्यांतील बहुतेकांना ठाऊक असते. ज्या माणसाचे नाव या वास्तूला दिले गेले, त्याला याच वास्तूचे प्रमुखपद गमावून देश सोडावा लागला होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी कॉलरा आणि प्लेग या दोन महामारींवर लस तयार केली. त्यांतील प्लेगची लस अवघ्या सहा वर्षांत हिंदुस्थान सरकारच्या आरोग्ययंत्रणेचा भाग झाली. लस रुजली, लस आणणारा माणूस मात्र त्या यंत्रणेला शेवटपर्यंत परकाच राहिला.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. तो काळ झारशाहीविरुद्धच्या तरुणांच्या उठावाचा होता आणि हाफकिनही काही काळ क्रांतिकारक गटाच्या संपर्कात होते. मात्र त्या गटाने हत्यांचा मार्ग धरल्यावर ते बाजूला झाले. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. त्यात ते जखमी झाले, त्यांना अटक झाली आणि मेचनिकोव्ह यांच्या रदबदलीने ते सुटले. पदवी हाती होती, संशोधनाचे प्रबंध प्रसिद्ध होत होते. पण ज्यू माणसाला प्राध्यापकपद हवे असेल तर त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारणे अपेक्षित होते. हाफकिन यांनी ते नाकारले. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काढून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा एकच जागा मोकळी होती, ती ग्रंथपालाची. ती त्यांनी पत्करली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे, असा क्रम सुरू झाला. अलेक्झांडर येर्सां हा तरुण शास्त्रज्ञ इंडोचायनाला निघून गेल्यावर एमिल रू यांच्या हाताखालील त्याची जागा हाफकिन यांना मिळाली. याच येर्सांने पुढे १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला. योगायोग असेही असतात.

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे शोधून काढला होता. त्यावर लस करण्याचा प्रयत्न स्पेनमध्ये फेरान यांनी केला. पण तिची शुद्धता आणि आकडेवारी दोन्ही संशयास्पद ठरल्याने युरोपातील पंडितांनी तो झिडकारला. हाफकिन यांनी गिनिपिगच्या शरीरातून कॉलऱ्याचे जंतू ३९ वेळा पाठोपाठ नेऊन त्यांची तीव्रता वाढवली आणि दुसरीकडे उष्णता व हवेच्या योगाने त्यांची तीव्रता घटवली. आधी सौम्य टोचणी आणि काही दिवसांनी तीव्र टोचणी, अशी ही पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले आणि उतरले. त्यानंतर त्यांनी काही मित्रांना टोचले आणि महिनाअखेरीस पॅरिसमधील जीवशास्त्र मंडळापुढे आपले निष्कर्ष मांडले.

लस तयार होती, पण ती कोणाला हवी होती? रशियात तेव्हा कॉलरा थैमान घालत होता, तरी रशियन सरकारने दार उघडले नाही. फ्रान्समध्येही उत्साह बेताचाच होता. हाफकिन यांच्या मनात सयामला जाण्याचा विचार होता. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत म्हणून असलेले लॉर्ड डफरिन हे काही वर्षांपूर्वीच हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. बंगालमध्ये कॉलरा दरसाल किती बळी घेतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी हाफकिन यांना हिंदुस्थानची वाट दाखवली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

येथून पुढची कथा केवळ जंतूंची नाही. हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवा ही लष्करी शिस्तीची, पदांच्या उतरंडीची आणि स्वतःच्या अनुभवावर गाढ विश्वास असलेली संस्था होती. कॉलरा हा विशिष्ट जागेचा, हवेचा, जमिनीचा दोष आहे असे मानणारे ज्येष्ठ अधिकारी तिच्यात होते. कॉखचा जंतूच त्यांना पुरता मान्य नव्हता. अशा वेळी समोर आलेला माणूस कोण, तर रशियन, ज्यू आणि फ्रेंच प्रयोगशाळेत शिकलेला. तो डॉक्टरही नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. रशियाचा हेर असल्याचा संशयही त्याच्या वाट्याला आला. सरकारने त्याला मज्जाव केला नाही, पण त्याची लस आपलीही मानली नाही. ज्यांना स्वेच्छेने टोचून घ्यायचे असेल त्यांना टोचावे, एवढीच मुभा होती. आज पाहता ही उदासीनताच हाफकिन यांच्या पथ्यावर पडली असे म्हणावे लागते, कारण त्यामुळे त्यांना एकेक माणूस पटवावा लागला.

आग्र्यापासून सुरुवात करून ते उत्तर हिंदुस्थानातील छावण्या, तुरुंग, गावे हिंडले. त्यानंतर कलकत्त्याच्या वस्त्यांत त्यांना खरा पाठीराखा मिळाला, तो शहराचा आरोग्याधिकारी डॉ. सिम्प्सन. मार्च १८९४ मध्ये कट्टलबागान नावाच्या वस्तीत कॉलरा उद्भवला. हाफकिन आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह, म्हणजे चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त या डॉक्टरांसह, तेथे गेले. लोक बिथरले, दगडफेक झाल्याचीही नोंद आहे. तेव्हा हाफकिन यांनी सदरा वर करून सर्वांदेखत स्वतःला टोचून घेतले. सुमारे दोनशे लोकांच्या त्या वस्तीतील ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत जे रुग्ण आढळले, ते सारे न टोचलेल्यांतील होते.

या प्रसंगातील नाट्य सहज डोळ्यांत भरते. पण त्याहून महत्त्वाची होती ती वही. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर, एकाच छपराखाली राहणाऱ्यांपैकी किती जणांनी टोचले, किती जणांनी नाही, कोण केव्हा आजारी पडले, कोण गेले, या सर्वांची नोंद हाफकिन ठेवत. तुलना करायची तर ती सारख्या माणसांत करायची, हा त्यांचा आग्रह होता. आज औषधचाचण्यांचा जो पाया मानला जातो, त्याची ही एक सुरुवातीची रीत होती. निकाल मनासारखे आले नाहीत तरी ते लपवले जात नसत. लखनौच्या एका पलटणीत लशीचा प्रभाव निराशाजनक दिसला. मात्रा अपुरी होती आणि टोचल्याला बराच काळ लोटला होता. तेही अहवालात आले. सव्वादोन वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना टोचून, मलेरियाने पोखरलेले शरीर घेऊन, १८९५ मध्ये ते युरोपला परतले. काही महिन्यांनी पुन्हा आले, ते आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत काम पुढे नेण्यासाठी. तेवढ्यात मुंबईत प्लेग आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण दिसू लागले आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे निदान केले. बंदरातील व्यापाराच्या भीतीने अधिकाऱ्यांना ते प्रथम मान्य करवेना. मान्य झाले तेव्हा सारे एकदमच अंगावर आले. घरझडत्या, रोग्यांना उचलून इस्पितळात नेणे, घरातील सामान जाळणे, गटारांत चुना आणि कार्बोलिक ओतणे असे सत्र सुरू झाले. लाखो लोकांनी शहर सोडले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणीकामगारांनी ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. तोच कायदा पुढे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पुन्हा बाहेर काढला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा पुण्यात अंत झाला आणि जूनमध्ये प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राच्या स्मरणात प्लेग आहे तो या घटनांमुळे. सरकारी आरोग्ययंत्रणा म्हणजे घरात घुसणारे सोजीर, हेच चित्र लोकांच्या मनावर कोरले जात असताना हाफकिन त्याच यंत्रणेचे म्हणून मुंबईत काम करत होते.

७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई. कामाचा ताण असा की एका सहाय्यकाची मनःस्थिती ढासळली आणि आणखी दोघे सोडून गेले. हाफकिन पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथेच असत. प्लेगचे जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचे कसे, हा मुख्य प्रश्न होता. त्यांनी वापरलेली युक्ती मोठी देखणी होती. मांसाच्या सत्त्वाने भरलेल्या काचेच्या चंबूत ते वरून तुपाचे थेंब सोडत. तूप पृष्ठभागावर तरंगे आणि प्लेगचे जंतू त्याचा आधार घेऊन गुहेतील चुन्याच्या लोलकांसारखे खाली वाढत जात. चंबू हलवला की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवे लोलक धरत. काही आठवडे असे पीक घेतल्यावर सुमारे ६५ अंश सेल्सिअस उष्णतेने जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. सत्त्वासाठी मांस वापरले ते बकऱ्याचे. गाय आणि डुक्कर या दोन्हींना या देशात स्थान नाही, हे त्यांना ठाऊक होते. पॅरिसच्या प्रयोगशाळेत हा विचार करण्याची गरज पडली नसती. मुंबईत तो केला नसता तर लस चंबूतच राहिली असती.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी महाविद्यालयाच्या प्राचार्यांसमक्ष डॉ. सर्व्हेयर यांच्या हातून स्वतःला १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे सर्वसामान्यांना जी मात्रा दिली गेली, तिच्या तिपटीहून ही अधिक होती. ताप चढला, दंड ठणकला. पण काम थांबले नाही. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला हाफकिन तेथे गेले. जे पुढे आले अशा सुमारे निम्म्या कैद्यांना टोचण्यात आले. त्यानंतर न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि दोघेही वाचले. संख्या लहान होती, हे खरे. शिवाय कोठडीतील माणसाची स्वेच्छा कितपत स्वेच्छा असते, हा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. पण त्या दिवसांत प्लेगवर दुसरे काही हाती नव्हते.

त्याहून बोलका प्रयोग पुढल्या वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी झाला. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग पसरला असताना गावातील प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करण्यात आले. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. एकूण ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जणांना मिळाली नाही. प्लेगने ज्या २८ कुटुंबांत प्रवेश केला, त्यांतील ७१ टोचलेल्यांपैकी आठ जण आजारी पडून तिघे मेले. ६४ न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडले आणि त्यातले २६ मेले. एकाच घरातील, एकाच चुलीवर जेवणारी ही माणसे होती. शास्त्राच्या दृष्टीने याहून चोख पुरावा मिळणे कठीण. माणुसकीच्या दृष्टीने पाहिले तर त्या २६ जणांची आठवण हा तक्ता वाचणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही.

पुरावा होता, म्हणून लोक रांगा लावून आले असे मात्र झाले नाही. सुई हातभर लांब असते, टोचल्यावर माणूस वांझ होतो, सरकारला लोक मारायचेच आहेत, अशा कंड्या पिकत होत्या. आणि घरझडत्यांच्या त्या काळात त्यांवर विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे ठरेल. लस घरांत शिरली ती दुसऱ्या वाटेने. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी, वय विशीच्या आसपास असताना, आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतले. पाठोपाठ मुंबईतील खोजांपैकी जवळपास निम्म्यांनी, म्हणजे दहा-बारा हजार लोकांनी लस घेतली. आगाखानांनी माझगावची आपली खुश्रू लॉज ही वास्तूही प्रयोगशाळेला वापरण्यास दिली. हुबळीत १८९८ मध्ये तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले. सारे शहरच टोचले गेले म्हणाना. आणखी एक व्यवहारी कारण होते. टोचल्याचा दाखला असला की अनेक ठिकाणी विलगीकरणाच्या छावणीतून आणि प्रवासातील अडवणुकीतून सूट मिळे. काहींनी जंतूच्या भीतीने लस घेतली, तर काहींनी छावणीच्या भीतीने. पण सक्ती झाली नाही, आणि ती होऊ नये अशीच हाफकिन यांची भूमिका होती. झडतीला सोजीर आणि लशीला सक्ती, अशी सांगड त्या काळी घातली गेली असती तर काय झाले असते, याची कल्पना पुण्यातील घटनांवरून करता येते.

सरकारने आता दखल घेतली. १८९७ मध्ये राणीकडून हाफकिन यांना किताब मिळाला. प्लेगची चौकशी करण्यासाठी आलेल्या फ्रेझर आयोगाने त्यांच्या पद्धतीतील उणिवांवर बोट ठेवले. मात्रेचे मोजमाप सैल आहे, काही बाटल्यांत इतर जंतूंचा शिरकाव आढळतो, असे दाखवून दिले. मात्र लशीमुळे प्लेग होण्याचे आणि प्लेगने मरण्याचे प्रमाण घटते, हेही मान्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. या वास्तूचा इतिहासही सूचक आहे. मूळचा हा ख्रिस्ती मठ. पुढे गव्हर्नरांचा निवास झाला. पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा येथेच कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि नंतर गव्हर्नरांनी मलबार हिल जवळ केले. ज्या घराला कॉलऱ्याने रिते केले, त्यात कॉलऱ्याच्या लशीचा जनक राहायला आला.

एक खोली आणि एक व्हरांडा येथपासून राजभवनापर्यंत तीन वर्षांत झालेला हा प्रवास होता. पण मोठी जागा म्हणजे मोठी मागणी. १९०२ मध्ये पंजाबात प्लेग उसळला आणि तेथील सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लसीकरण करण्याचे ठरवले. परळकडे लाखो मात्रांची मागणी आली. जुन्या पद्धतीने एवढी लस वेळेत होणे शक्य नव्हते. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील प्रघाताला धरून हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू घट्ट आगरवर वाढवण्यास सुरुवात झाली, ज्याने वेळ वाचला. आणि लशीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली गेली. शास्त्रीयदृष्ट्या बदल समर्थनीय होता. कागदोपत्री मात्र तो आधीच्या मान्य रीतीपासून फारकत घेणारा होता, आणि सरकारी दफ्तरात अशा फारकतीची किंमत नेहमी नंतर मोजावी लागते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांतील १९ जणांना आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस जण दगावले. सर्वांना ५३ एन या एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने दंड पुढे करणारी ही माणसे होती. त्यांच्या मृत्यूने पंजाबातील मोहिमेवरचा विश्वास ढासळला.

चौकशी आयोग नेमला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स अध्यक्ष होते आणि सोबत वैद्यकीय सेवेतील दोन अधिकारी. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत, ती दूषित झाली असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळल्याचा ठपका त्याला जोडून आला. हाफकिन यांच्या हातून प्रयोगशाळा गेली आणि १९०४ मध्ये ते लंडनला निघून गेले. आयोगाचे कामकाज मात्र लगेच प्रसिद्ध झाले नाही; आपल्याविरुद्धचा पुरावा नेमका काय, हे आरोपीलाच पुरते कळायला काही वर्षे जावी लागली.

कागद उघड झाले तेव्हा त्यांत बरेच काही आढळले. मुलकोवालमध्ये त्या बाटलीचे बूच काढताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता विसळून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. शिवाय बाटली ४१ दिवसांपूर्वी भरली होती. एवढे दिवस तिच्यात धनुर्वाताचे जंतू वाढले असते तर ती उघडताच दुर्गंधी सुटली असती. आणि उघडणाऱ्या डॉक्टरने नियमाप्रमाणे वास घेतला, तेव्हा काहीही वावगे जाणवले नव्हते. हे सारे साक्षीत होते. आयोगाने त्याला वजन दिले नाही. चूक खेड्यातील हाताची मानली तर सारी मोहीम, तिचे प्रशिक्षण, तिची घाई यांवर प्रश्न आला असता. परळमधील एका परक्या शास्त्रज्ञाची मानली तर प्रश्न तेथेच मिटत होता. असा हिशेब कोणी उघडपणे मांडल्याचा पुरावा नाही. पण संस्था अशा वेळी कोणत्या बाजूला झुकतात, हे समजायला फार मोठा अभ्यास लागत नाही.

हाफकिन यांच्या बाजूने सिम्प्सन उभे राहिले. ते आता लंडनमध्ये प्राध्यापक होते. त्यांच्यासह उभे राहिले रोनाल्ड रॉस. मलेरियाच्या शोधासाठी १९०२ चे नोबेल मिळवणारे रॉस स्वतः याच हिंदुस्थानी वैद्यकीय सेवेत घडलेले होते आणि तिच्या खाचाखोचा त्यांना आतून माहीत होत्या. लशीवर नाहक संशय राहिला तर त्याची किंमत हिंदुस्थानातील लोक जिवाने मोजतील, हा त्यांच्या लेखनाचा रोख होता. २९ जुलै १९०७ रोजी टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र प्रसिद्ध झाले आणि परळच्या प्रयोगशाळेवरील आरोप निराधार असल्याचे त्यांनी स्पष्ट केले. फ्रान्समधील ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस याच्यावरील अन्यायाची आठवण ताजी होती. या प्रकरणालाही लोक छोटे ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. अखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात काम देऊ केले.

काम दिले ते कलकत्त्यात. परळ दुसऱ्यांकडे गेले होते. तेथे त्यांना संशोधनाची परवानगी होती, माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची नव्हती. मृत जंतूंपासून कॉलऱ्याची अधिक निर्धोक लस करण्याची त्यांची योजना होती. तिच्या चाचणीची विनंती फेटाळली गेली. ज्या माणसाचे सारे कर्तृत्व प्रयोगशाळा आणि वस्ती यांच्यामधील वाटेवर घडले, त्याची ती वाटच बंद झाली. आरोप पुसला गेला, संशय पुसला गेला नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला परतले.

उरलेले आयुष्य त्यांनी प्रामुख्याने फ्रान्समध्ये आणि नंतर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे एकट्याने काढले. लग्न केले नव्हते. तरुणपणी विज्ञानाकडे वळलेला हा माणूस उत्तरायुष्यात ज्यू धर्माचरणात खोल उतरला. १९१६ मध्ये त्यांनी परंपरानिष्ठेची बाजू मांडणारा निबंध लिहिला आणि पुढे आपली पुंजी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या मदतीसाठी निधी म्हणून ठेवली. ज्या धर्मासाठी ओडेसातील प्राध्यापकपद सोडले, त्याच्याकडेच ते अखेर परतले.

त्यांच्या लशीला सर्वस्वी अचूक म्हणता येत नाही. तिचे संरक्षण अपुरे असे, काही महिन्यांनी ओसरे आणि ताप तर हमखास येई. प्रतिजैविके आल्यावर प्लेगशी लढण्याचे साधनच बदलले. कॉलऱ्यासाठीही आता टोचायच्या जुन्या लशीऐवजी तोंडावाटे देण्याच्या लशी वापरल्या जातात. पण ज्या तीन-चार दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, त्या काळात लोकांच्या हाती हीच एक ढाल होती. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईच्या प्रयोगशाळेतून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. त्यांतील बहुतेक हाफकिन परळमधून गेल्यानंतरच्या आहेत.

१९२५ मध्ये, प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने, तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. ही बातमी हाफकिन यांना युरोपात कळली. त्यांनी आभाराचे पत्र पाठवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुलकोवाल आता पाकिस्तानच्या पंजाबात आहे.